खालची टाकी

नोव्हेंबर उजाडला की अबू हमूरच्या व्हिलांच्या आवारात उन्हाळाभर झाकून ठेवलेल्या मोटारहोमवरची कापडं निघतात. कतारमधला कॅम्पिंगचा हंगाम सुरू होतो आणि गाड्या मसईदपलीकडे, सीलाइनच्या वाळूकडे निघतात. बघायला आलेली मंडळी आतला ओटा, घडीचे पलंग, खिडक्यांचे पडदे यांचं कौतुक करतात. माझा जीव मात्र गाडीच्या पोटाखाली, चाकांच्या मधे बसलेल्या सांडपाण्याच्या टाकीवर आहे.

साफ पाण्याची टाकी आतली, मानाची. हंगामाआधी तिचे सोहळे होतात. जुनं पाणी काढायचं, साठेक लिटरला पाव कप बिनवासाचं ब्लीच घालायचं, प्रत्येक नळाला त्याचा वास येईपर्यंत ते फिरवायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं. हे हवंच, कारण कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात आणि इथला उन्हाळा बंद टाकीला कोमट ठेवतोच. तिच्यासाठी पाइपही वेगळा. तो दुसऱ्या कशालाही लावायचा नाही.

खालच्या टाकीच्या वाट्याला तांदळाचं धुवण, कढईचं ओशट पाणी, आंघोळीचा फेस येतो. मोठ्या गाडीत संडासासाठी तिची जोडीदारीण वेगळी असते. दोघी मिळेल ते घेतात, पण स्वभावाने शिस्तीच्या. संडासाच्या टाकीची झडप कायम उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते तळाशी थापून बसतं. म्हणून ती बरीचशी भरू द्यायची आणि मग एकदम रिकामी करायची. आधी ती, मागून मोरीची, म्हणजे साबणाचं पाणी जाता जाता पाइप धुऊन काढतं. कढया धुण्याआधी कागदाने पुसल्या की निम्मी कटकट मिटते. नाहीतर तेलाचा थर मापकावर बसतो आणि रिकाम्या टाकीचा काटाही भरल्याची खूण दाखवतो.

गाडीत घाण वास सुटला की पहिला आळ खालच्या टाकीवर येतो. पुष्कळदा ती निर्दोष असते. बेसिनखालच्या वाकड्या नळीत जे पाणी वास अडवून धरतं, ते उन्हाळ्यात आटून गेलेलं असतं. पेलाभर पाणी ओतलं की तिच्यावरचा डाग धुतला जातो.

तिचं मोठेपण वजनात कळतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. साफ पाण्याची टाकी जसजशी हलकी होते, तसतशी ही जड होत जाते. नळ सोडणाऱ्याला वाटतं पाणी संपलं. ते संपलेलं नसतं, तिने सांभाळलेलं असतं.

कोकणात मोरीचं पाणी परसात अळूला आणि केळींना सोडतात, त्यामुळे सांडपाणी वाया गेलं असं आपल्या आज्यांना कधी वाटलं नाही. कतारमध्ये नदी नाही, वर्षाचा पाऊस सरासरी शंभर मिलिमीटरही भरत नाही. पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी समुद्रातून, खूप ऊर्जा खर्चून गोडं करावं लागतं. वापरून झालेलं पाणीही हा देश सोडून देत नाही. शुद्ध करून ते चाऱ्याच्या शेतांना आणि रस्त्याकडेच्या झाडांना देतो. दोह्याच्या नैर्ऋत्येला अबू नखला इथे अशाच प्रक्रिया केलेल्या पाण्याचं तळं साचलं आणि तिथे पक्षी उतरू लागले.

शेतांपर्यंत आणि झाडांपर्यंत पोचायचं तर सांडपाणी आधी कुणीतरी जपून धरलं पाहिजे. रात्री वाळूवर झडप उघडून मोकळं होणं सोपं असतं. पण मागून येणाऱ्याची मुलं त्याच वाळूत खेळतात आणि ते पाणी ना झाडाला मिळतं ना चाऱ्याला. शोषण-टँकर येईपर्यंत किंवा नेमलेली जागा गाठेपर्यंत खालची टाकी सगळं पोटात ठेवते. समुद्राचं गोडं झालेलं पाणी एखाद्या झाडाच्या मुळाशी पोचावं, यातला आपल्या हातातला टप्पा तिच्यापासून सुरू होतो. म्हणून गाडीत आधी काळजी घ्यायची ती हिची.