चवराची काळी वाळू आणि न दिसणारा वायू

पनवेलहून कोकणात उतरणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. त्याच रस्त्यानं केरळच्या कोल्लम जिल्ह्यात शिरलात की करुनागपल्ली लागतं, मग चवरा, मग नींदकरा. उजवीकडे नारळाची झाडं आणि त्यांच्यामागे समुद्र. तिथली वाळू नीट पाहा, जागोजागी काळी दिसेल.

हा काळा रंग इल्मेनाइट या खनिजाचा. किरणोत्सार मात्र त्यात मिसळलेल्या मोनाझाइटच्या पिवळसर-तपकिरी कणांत असतो. मोनाझाइटमध्ये ८ ते १० टक्के थोरियम असतं, थोडं युरेनियमही. युरेनियमपासून शेवटी रेडॉन वायू तयार होतो आणि थोरियमपासून त्याचंच भावंड, थोरॉन. दोघांनाही ना रंग, ना वास. रेडॉन निम्मा व्हायला ३.८ दिवस लागतात, थोरॉनला जेमतेम ५६ सेकंद.

मग या किनाऱ्यावर जावं की नाही? खुशाल जा. उघड्यावर हा वायू वाऱ्यात विरून जातो. काळजी असते ती बंद खोलीची. जमिनीतून, भिंतींतून झिरपलेला वायू तिथे साठतो. त्यातून तयार होणारे किरणोत्सारी कण श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर कॅन्सरचा धोका वाढतो.

म्हणून मोजणी घरांत होते. छोट्या डबीत खास प्लास्टिकची फिल्म घालून ती साधारण तीन महिने खोलीत टांगतात. किरणांचे बारीक ओरखडे फिल्मवर उमटतात. ते मोजून हवेतलं प्रमाण काढतात. जागतिक आरोग्य संघटनेनं घरातल्या रेडॉनसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही पातळी सुचवली आहे.

करुनागपल्लीच्या सुमारे ७० हजार रहिवाशांवर सरासरी साडेदहा वर्षं लक्ष ठेवणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाळूतून येणाऱ्या गॅमा किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं त्यात आढळलं नाही. पण तो हिशेब गॅमा किरणांचा होता, श्वासातून जाणाऱ्या वायूचा नव्हे. त्यामुळे घरातली हवा खेळती ठेवण्याला पर्याय नाही.

तेव्हा तिथे मुक्काम केलात तर खिडक्या उघड्या ठेवा. आठवण म्हणून वाळू बाटलीत भरून आणू नका, मोनाझाइटवर अणुऊर्जा कायद्याचं नियंत्रण आहे. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्यांना एवढं जरूर सांगा: रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका त्यांना इतरांपेक्षा सुमारे २५ पट जास्त असतो.