ब्लेअर व्हॅलीतलं बिऱ्हाड

नळ उघडला की गाडीच्या पोटात कुठेतरी घरघर सुरू व्हायची. नळ मिटला की दोन क्षणांनी थांबायची. पहिल्या संध्याकाळी मी चहासाठी पातेलं भरत होते, तेव्हा आई बाकावर बसून कान देऊन ऐकत होती.

"हे काय वाजतंय गं?"

"पंप. खाली टाकी आहे, तिच्यातलं पाणी वर ओढतो."

"म्हंजी कुणी पाणी घेतलं की समद्यांना कळतंय."

"हो."

"ब्येस हाय," ती म्हणाली आणि पदर सावरून खिडकीबाहेर बघू लागली.

बाहेर वाळवंट होतं. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, सॅन डिएगोहून दोनेक तासांवर अँझा-बोरेगो नावाचं स्टेट पार्क आहे. सुमारे ६ लाख एकरांचं, राज्यातलं सगळ्यांत मोठं. नावातला 'अँझा' म्हणजे हुआन बाउतिस्ता दे अँझा, १७७४ साली या बाजूने वाट शोधत गेलेला स्पॅनिश सरदार. पुढच्याच वर्षी तो बायकापोरं आणि गुरंढोरं असलेला दोनशेहून जास्त माणसांचा तांडा घेऊन इथूनच पुन्हा गेला. 'बोरेगो' म्हणजे स्पॅनिश भाषेत कोकरू. इथल्या डोंगरकड्यांवर वळणदार शिंगांच्या रानमेंढ्या राहतात, त्यांच्यावरून पडलेलं नाव. हे सांगितल्यावर आईला जागा एकदम ओळखीची वाटायला लागली. आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यातलं. तिथे मेंढरांमागे चालणारे धनगर घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून निघतात आणि मोकळ्या रानात वाडा टाकतात. "आपुन बी वाडाच टाकलाय म्हणायचं," ती म्हणाली.

आमचा घोडा पंचवीस फुटी होता. भाड्याची आरव्ही. तीत शेगडी, फ्रीज, तीन जणांची झोपायची सोय, संडास, उभं राहण्यापुरतं न्हाणीघर. पार्कच्या मुख्य कॅम्पग्राउंडवर, बोरेगो पाम कॅन्यनला, गाडी उभी केली की खांबातून वीज मिळते, नळाला पाइप जोडता येतो, सांडपाण्याची सोय होते. पण या पार्कची खरी मोठेपणाची गोष्ट अशी, की आखलेल्या जागांबाहेरही मुक्काम करू देतात. गाडी कच्च्या रस्त्यापासून एका गाडीच्या लांबीपेक्षा लांब न्यायची नाही, जमिनीवर जाळ करायचा नाही, मागे काही ठेवायचं नाही. एवढं पाळलं की मोकळ्या वाळवंटात राहता येतं. आम्ही तीन रात्रींसाठी ब्लेअर व्हॅली निवडली. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवरचं हे पठारी खोरं, मधोमध सपाट कोरडं तळं, कडेने ग्रॅनाइटचे ढिगारे. जमीन एका अंगाला उतरती होती, म्हणून ह्यांनी डावीकडच्या चाकांखाली पिवळे ठोकळे सरकवले, चाकांना उटी लावली, आणि टेबलावर ठेवलेला लिंबू घरंगळेनासा झाल्यावर गाडी बंद केली. शांतता अशी एकाएकी अंगावर आली की आम्ही तिघंही हळू बोलायला लागलो.

टाकीत १५० लिटर पाणी होतं. अमेरिकेत एक माणूस घरच्या घरी दिवसाला ३०० लिटरच्या आसपास पाणी वापरतो. म्हणजे माझ्या एकटीचं अर्ध्या दिवसाचं पाणी आम्हा तिघांना तीन दिवस पुरवायचं होतं. मी जरा काळजीनेच हा हिशेब मांडला. आईला त्यात विशेष काही वाटलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती पंचवीस वर्षांची होती, मला पाळण्यात ठेवून दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि परतताना डोक्यावर एक हंडा आणायची. त्या हंड्यातून पिणं, रांधणं, जनावराच्या तोंडाला लावणं हे सगळं भागायचं. पुढे टँकर आले. ते कधी येतील ते सांगता यायचं नाही, पण हॉर्न वाजला की गल्लीभर घागरींचा खणखणाट व्हायचा. माझ्या लहानपणी पाण्याचे पुष्कळ आवाज होते. रहाटाची कुरकुर, बादली खाली आपटल्याचा पोकळ आवाज, टँकरचा हॉर्न. ते कधी बंद झाले ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सिंकचा ताबा घेतला. मी शेजारी उभी राहून बघत होते. आधी ताटल्या आणि तवा कागदाने कोरडे पुसले, तेलाचा डाग राहीना. मग सगळी भांडी खालच्या वरणाच्या पातेल्यात रचली. तांब्याभर पाणी घेतलं. पंप जेमतेम घरघरला आणि थांबला. पहिल्यांदा पेले विसळले, कारण ते सगळ्यांत स्वच्छ. त्यांचं धुवण वाटीत, वाटीचं ताटलीत, ताटलीचं तव्यावर, आणि शेवटी सगळं पातेल्यात. पाणी पायरी पायरी उतरत गेलं आणि प्रत्येक पायरीवर उपयोगी पडलं. तिघांची भांडी एका तांब्यात झाली. ह्यांनी न राहवून पुन्हा टाकीचा काटा पाहिला. "जावईबापू, त्यो काय हालनार न्हाय," आई म्हणाली.

पातेलं उचलून ती दाराकडे निघाली तेव्हा मात्र मला तिला अडवावं लागलं. तिला ते धुवण समोरच्या झुडपाला घालायचं होतं. आयुष्यभर तिने अंगणातल्या झाडांना तेच घातलं. मी सांगितलं, इथे सांडपाणी जमिनीवर टाकायला मनाई आहे. त्यात साबण असतो, खरकट्याचा वास असतो, त्या वासाला कोयोटी आणि उंदीर येतात आणि माणसाला सरावतात. सगळं खालच्या वेगळ्या टाकीत साठवायचं आणि परत जाताना ठरलेल्या जागी रितं करायचं. तिला ते पटेना. "झाड वाळून गेलंय, दिसत न्हाय का तुला?"

ते झाड ओकोटियो होतं. बुंधा नाही, फांद्यांचा पसारा नाही, जमिनीतून निघालेल्या पंधरा-वीस काटेरी काठ्या आणि टोकांना लालभडक फुलांचे तुरे. काठ्यांवर एक पान नव्हतं. पण ते वाळलेलं नव्हतं. पाऊस पडला की काही दिवसांत ते अंगभर पानं काढतं, ओल संपली की टाकून देतं, आणि वर्षातून असं अनेकदा करतं. जवळच्या बोरेगो स्प्रिंग्जला वर्षाकाठी पाऊस पडतो १५० मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपार जातो. इतक्या तुटपुंज्या पाण्यात पानं सांभाळणं परवडत नाही, म्हणून झाड खर्चच आवरतं. आईने एका काठीवर नख लावून बघितलं. आत हिरवं होतं. ती काही बोलली नाही, मुकाट्याने परत आली आणि पातेलं सिंकमध्ये रिकामं केलं. नंतर म्हणाली, "त्याला आपली गरज न्हाय. आपल्या झाडांना आपण सवय लावलीया."

त्या दिवशी दुपारी ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली. पायवाटेच्या वळणावर जाड, टोकदार, राखी-हिरव्या पानांचे गुच्छ दाटीवाटीने उगवले होते. "अगं, ही तर घायपात!" खरंच घायपातच, तिची वाळवंटी बहीण. अगाव्ह म्हणतात तिला इथे. आमच्याकडे बांधाबांधावर घायपात असते, आजोबा तिची पानं कुजवून, झोडून वाख काढायचे आणि दोर वळायचे. आईला वाटायचं, ती माणदेशाचीच. मी तिला सांगितलं, ती मूळची या खंडातली. आपला फड्या निवडुंगही इकडूनच तिकडे गेला. इथल्या कुमेयाय लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या याच पानांचा वाख काढला आणि दोर वळले. तिचा गाभा खड्ड्यात तापलेल्या दगडांवर भाजून खाल्ला. ती अनेक वर्षं साठा करते, एकदाच आभाळाकडे उंच दांडा काढून फुलते आणि मग मरते. आई त्या दांड्याकडे मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिली.

वाट पुढे मोठ्या शिळांपाशी जाते. त्या शिळांवर कोपरापर्यंत हात जाईल एवढे गोल, गुळगुळीत खळगे आहेत. नकाशावर त्यांना मोर्तेरोस म्हटलंय. आईने नकाशा पाहिलाच नाही. ती खाली बसली, हात आत घातला आणि म्हणाली, "उखळ." कुमेयाय बायकांनी इथे बसून बिया, शेंगा कुटल्या. किती पिढ्या कुटलं म्हणजे ग्रॅनाइट एवढा झिजतो? एका शिळेवर जवळजवळ चार-पाच उखळं होती. म्हणजे बायका एकत्र बसायच्या, आणि एकत्र बसायच्या म्हणजे बोलायच्या. आईने बोटांनी कड चाचपली. झिजलेली बाजू तिला लगेच सापडली. "हिकडं तोंड करून बसायची," असं म्हणत ती स्वतः तशी वळून बसली. समोर सगळं खोरं पसरलेलं दिसत होतं, आणि दूर आमची पांढरी गाडी, काडेपेटीएवढी.

त्या गाडीकडे बघताना मला जाणवलं, की चाकांवर घर घालून इथे येणारे आम्ही काही पहिले नव्हे. दक्षिणेकडच्या बॉक्स कॅन्यनमध्ये १८४७च्या जानेवारीत मॉर्मन बटालियनच्या शिपायांनी कुऱ्हाडींनी खडक फोडून वाट रुंद केली होती, कारण त्यांच्या गाड्या घळीत अडकत होत्या. मग १८५८ ते १८६१ बटरफील्ड कंपनीची टपालगाडी याच वाटेने धावली. ब्लेअर व्हॅलीच्या तोंडाशी एक चढ आहे, तिथे उतारूंना उतरून चालावं लागे, प्रसंगी गाडीला खांदा द्यावा लागे. आजही त्या जागेचं नाव 'फूट अँड वॉकर पास' आहे. त्या गाड्यांचा माग पाण्यावरून आखलेला असायचा. पुढचा झरा कुठे, तो हाताशी लागेल का, यावर मुक्काम ठरायचा.

आमच्या खोऱ्यावर घोस्ट माउंटन नावाचा डोंगर आहे. तिसऱ्या पहाटे मी एकटीच वर चढले. १९३० साली मार्शल साउथ नावाचा लेखक बायको तान्याला घेऊन या माथ्यावर राहायला आला. मातीविटांचं घर बांधलं, त्याला याकितेपेक नाव दिलं. इथे राहत असताना त्यांना तीन मुलं झाली. माथ्यावर झरा नाही, विहीर नाही. छपरावर पडलेला पाऊस टाक्यांत साठवायचा आणि त्यावर जगायचं. 'डेझर्ट मॅगझिन'मध्ये तो त्या जगण्याबद्दल लिहायचा. १९४०च्या दशकात संसार मोडला आणि घर ओस पडलं. आता तिथे ढासळलेल्या भिंती आहेत, दाराची चौकट आहे, रिकाम्या टाक्या आहेत. एका टाकीच्या काठावर हात ठेवून मी उभी राहिले. त्या बाईने पोरांना आंघोळ घालताना किती तांबे मोजले असतील ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्यासारख्याच एका बाईने मला वाढवलंय.

रात्री जनरेटर चालवायला परवानगी नसते, सकाळी १० ते रात्री ८ एवढीच मुभा. त्यामुळे दिवे मालवून आम्ही खुर्च्या बाहेर टाकायचो. बोरेगो स्प्रिंग्ज गावाने रस्त्यांवरचा उजेड आवरला आणि २००९ साली त्याला 'डार्क स्काय' गावाचा मान मिळाला, २०१८ साली पार्कलाही. फेब्रुवारी संपत आला होता, मृग डोक्यावर होता. आईने तिकांडं लगेच ओळखलं. मग मान वळवून उत्तरेला बघितलं आणि गोंधळली. "ध्रुव वर चढलाय." तिचं बरोबर होतं. माणमध्ये ध्रुव क्षितिजापासून अठरा अंशांवर असतो, इथे तेहतीस. जेवढं आपण उत्तरेला सरकू तेवढा तो वर येतो. ज्या बाईने शाळेचं तोंड पाहिलं नाही तिने नुसत्या नजरेने पृथ्वीवरची आपली हललेली जागा ओळखली. लांबवर कोयोटी ओरडली, तिला दुसरीने ओ दिली. आईने शाल घट्ट लपेटली. खोऱ्यात एकही दिवा नव्हता.

परतताना आम्ही बोरेगो स्प्रिंग्जकडून वळसा घेतला. गाव सगळं भूजलावर जगतं. शेती, गोल्फ आणि घरं मिळून इतका उपसा झाला की पाण्याची पातळी दशकानुदशकं खाली जात राहिली. शेवटी २०२१ साली न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाने ठरलं, की २०४०पर्यंत उपसा जवळजवळ तीन-चतुर्थांशाने कमी करायचा. जमिनीखालच्या टाकीलाही काटा असतो, तो बघायला आपण उशीर करतो एवढंच. माणमध्ये आम्ही बोअर खोल खोल नेत गेलो, तीच चूक इथे लिंबासंत्र्यांच्या बागांनी केली.

सांडपाण्याची टाकी रिती करायच्या जागी ह्यांनी हातमोजे चढवून पाइप जोडला. तीन दिवसांचं सगळं वापरलेलं पाणी काही मिनिटांत गडगडत निघून गेलं. आई बाजूला उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. आपण वापरलेलं पाणी असं एकगठ्ठा डोळ्यांसमोरून जाताना मीही आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. पिण्याच्या टाकीत अजून पाव भाग शिल्लक होता.

त्या रात्री सॅन डिएगोच्या घरी मी हात धुवायला नळ उघडला आणि नकळत थांबले. कान घरघर ऐकायला टवकारले होते. पाणी येत होतं, भरपूर, गरम, आणि कसलाही आवाज न करता. शेकडो मैलांवरच्या कोलोरॅडो नदीचं पाणी. ते इथवर आणताना पंप कुठेतरी घरघरत असणारच. फक्त इतक्या लांब, की मला ऐकू येऊ नये.

मी नळ बंद केला. मागे आई उभी होती, हातात तांब्या घेऊन.