फळी, दोरी आणि ध्रुव

सगळे झोपलेत, जागा आहे तो एकटा दर्यावर्दी आमेरिगो व्हेस्पुची. किनाऱ्यावर टेबल मांडलेलं, त्यावर क्रूस. हातात आकाश मोजायचं यंत्र आणि वर दक्षिणेचे चार तारे, म्हणजे आपला त्रिशंकू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्ट्राडानुस या चित्रकाराने हे चित्र काढलं आणि अँटवर्पच्या फिलिप्स गालेने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरवून छापलं. एका चौकटीत चक्क कवी दान्ते आहे, कारण हेच तारे त्याच्या काव्यात आल्याचं व्हेस्पुची सांगायचा. स्ट्राडानुस फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातला; व्हेस्पुची आणि दान्ते दोघेही फ्लॉरेन्सचे. गाववाल्याचं कौतुक तिकडेही सुटलेलं नाही.

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या घरात बसून मी अशी चित्रं संगणकावर मोठी करून पाहतो. जवळून पाहिलं की कळतं, यातली रात्र निव्वळ रेघांच्या दाटीने झाली आहे. आमची इथली रात्र मात्र काळी होतच नाही. तळी खोदलेली, इमारतींचे गट ए ते झेड, मधोमध ३६० मीटरचा अल्मास टॉवर. दुबईतून त्रिशंकू जेमतेम पाच-सहा अंश वर येतो. दक्षिणेला टॉवरांची भिंत असताना तो दिसणार कसा? ध्रुव तेवढा उत्तरेच्या बाजूला, २५ अंशांवर, खाली दिव्यांचा झगमगाट असूनही जागा धरून बसलेला.

स्ट्राडानुसचंच दुसरं चित्र मॅगेलनचं. तो जहाजावर, पुढ्यात नक्षत्रगोल, आणि आभाळात एक अजस्र पक्षी पंजात आख्खा हत्ती घेऊन निघालेला! प्रकाशक थिओडोर दे ब्रीने १५९४ मध्ये हे चित्र आपल्या ग्रंथातही घेतलं. हा रुख पक्षी, सिंदबादच्या गोष्टींतला. अरबी खलाशांची थाप युरोपच्या तांब्यावर अशी थाटात उमटली. पण त्यांचं खरं हत्यार, ते 'कमाल', मला या चित्रांत कुठेच दिसलं नाही.

दिसणार तरी काय म्हणा, एक लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी. दोरी दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची, वरची ध्रुवाला भिडवायची. प्रत्येक बंदराची गाठ ठरलेली. आपल्या बंदराइतका ध्रुव खाली आला की गलबत पूर्वेला वळवायचं आणि तीच उंची सांभाळत किनारा गाठायचा. मोजमाप बोटांचं, एक बोट म्हणजे दीड अंशाहून थोडं जास्त. मुंबईत ध्रुव १९ अंशांवर, म्हणजे दुबईहून निघालेल्याला तो चारेक बोटं उतरलेला दिसेल.

हे शास्त्र लिहून ठेवणारा इब्न माजिद इथलाच, जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमाचा. अरबी नौकाशास्त्राला आपलं चौल आणि दाभोळ चांगलं ठाऊक होतं. १४९८ मध्ये वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतला इब्न माजिदनेच नेलं, असं इथे अभिमानाने सांगतात. बहुतेक इतिहासकारांना आता ते पटत नाही. पोर्तुगीज बखरकार बारुश तर वाटाड्याला गुजरातचा म्हणतो. तोच लिहितो, गामाने आपलं यंत्र दाखवलं तेव्हा या वाटाड्याला काडीचं नवल वाटलं नाही, उलट त्याने स्वतःच्या फळ्या पुढे केल्या. कोरायला यापेक्षा चांगला प्रसंग कुठला? पण तांब्याला एकटा वीर लागतो, आणि शेजारी दुसरा जाणकार उभा केला की वीर निम्मा होतो.

हीच तऱ्हा डच प्रवासी लिन्स्खोटेनची. तो १५८३ ते १५८८ गोव्यात होता. १५९६ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकातल्या चित्रांत गोव्याचा बाजार आहे, पालखी आहे, आपल्याकडच्या होड्याही आहेत. त्या होड्यांतली माणसं दिशा कशी ओळखत, ते मात्र त्या चित्रांत नाही.

तुमच्या गावात, हर्णैला, मालवणला किंवा वेंगुर्ल्याला, जीपीएसच्या आधी होडी हाकणारा एखादा म्हातारा तांडेल असेल, तर त्याच्याकडे जा. कोणता तारा कुठे आला की तो सुकाणू वळवायचा, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि जमलं तर त्याचं चित्रही काढा.