डेम्लो : रेल्वे स्थानकाचे नाव लाभलेल्या संख्या

१/ बोरीबंदरहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग परळ, दादर, ठाणे ओलांडून डोंबिवलीस पोहोचतो. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील या स्थानकाला तेव्हा ‘डेम्लो’ही म्हणत. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना विशिष्ट संख्यांच्या अभ्यासाची कल्पना येथेच सुचली. त्यांनी त्या संख्यांना स्थानकाचेच नाव दिले.

२/ त्यांपैकी एक : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उलट वाचली तरी तीच. हा १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग होय.

३/ यात चमत्कार नाही, कारण आहे. कागदावर गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. कडेच्या स्तंभात एकच १ येतो, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ. मग उतरण लागते. स्तंभांची ती उंचीच उत्तराचे अंक ठरते.

४/ दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि डौल मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. नऊ ही दशमान पद्धतीने घातलेली मर्यादा आहे.

५/ आणखी एक गुण. या सतरा अंकांची बेरीज ८१ आणि ८१ने संख्येला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले होते.

६/ कापरेकरांचा जन्म १९०५चा, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र घडले नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. योगायोग असा की देवळालीही त्याच लोहमार्गावर, घाटापलीकडे आहे.

७/ त्यांच्या संशोधनाला देशातल्या काही गणितज्ञांनी क्षुल्लक मानले. कापरेकर लिहीत राहिले. अनेक पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे उलटली होती. १९८६मध्ये त्यांचे निधन झाले.

८/ क्षुल्लक कशाला म्हणावे? वरचा गुणाकार पाचवीतले मूलही करू शकते. पण उत्तर असेच का येते आणि दहाव्या एकाला ते का मोडते, हे विचारताच दशमान पद्धतीचा पायाच तपासावा लागतो. कापरेकरांनी आयुष्यभर असेच प्रश्न विचारले. त्यांना पेन्सिल, कागद आणि सवड एवढेच लागत होते. त्यांपैकी सवड शिक्षकाच्या नोकरीतून काढावी लागे.

९/ दादरहून कल्याणकडे जाणारी लोकल आजही डोंबिवलीला थांबते. फलाटावर या संख्यांचा उल्लेख नसला, तरी गणिताच्या पुस्तकांत त्या स्थानकाचे जुने नाव टिकून आहे.