ग्रानादाची शाळा आणि घरची भाषा

आमच्या कोकणात परदेश म्हटले की आखात. घरटी एक तरी माणूस दुबईला, कुवेतला नाहीतर कतारला. पुरुष पुढे जातो, बायकामुले बहुधा मागे राहतात. आणि गेली तरी तिथे उर्दू-हिंदीवर बाजारहाट निभतो. त्यामुळे माझी धाकटी बहीण दोन मुलांना घेऊन स्पेनला जाणार हे ठरले, तेव्हा अम्मीने पहिलाच प्रश्न विचारला, "तिथं पोरांशी बोलणार कोण?" आम्ही सगळे हसलो. पुढे कळले, नेमका प्रश्न तिनेच विचारला होता.

बहिणीच्या नवऱ्याला ग्रानादाच्या विद्यापीठात संशोधनाचे काम मिळाले. जानेवारीत चौघे तिकडे गेले. भाची सात वर्षांची, भाचा चार वर्षांचा. एप्रिलमध्ये बहिणीचा फोन आला. ती रडत होती. "आपा, पोरगी शाळेत जाते आणि येते. तीन महिने झाले, वर्गात तोंड उघडलेलं नाही." मी वीस वर्षे मुलांना शिकवते आहे. म्हटले, सुट्टी लागली की येते. सहा आठवड्यांत बोलती करते.

मालागाच्या विमानतळावरून बसने निघाले. दोन्ही बाजूंना टेकड्यांवर रांगेने लावलेली जैतुनाची झाडे, आणि ग्रानादा जवळ येताच समोर सिएरा नेवादाचा डोंगर, मे महिन्यातही माथ्यावर बर्फ. उर्दूच्या पुस्तकांत आपण ज्याला गरनाता म्हणतो, तेच हे शहर. स्पॅनिशमध्ये ग्रानादा म्हणजे डाळिंब. रस्त्याकडेच्या लोखंडी खुंटांवरही डाळिंबे कोरलेली दिसतात.

आधी व्यवहाराचे सांगते, कारण जाणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. मुलांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला यांवर भारतातूनच अपॉस्तिलचा शिक्का घ्यावा लागला आणि त्यांचे अधिकृत स्पॅनिश भाषांतर करावे लागले. नुसत्या निकाहनाम्यावर भागले नाही. विवाहनोंदणीचे सरकारी प्रमाणपत्र लागले. तिथे पोहोचल्यावर नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. तिला ते 'एम्पाद्रोनामिएन्तो' म्हणतात. शाळेतल्या जागेपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे हा कागद विचारतात. अर्जावर आडनावाचे दोन रकाने असतात, एक बापाकडचे आणि एक आईकडचे. लग्न झाले तरी तिथली बाई आपलेच नाव ठेवते. आमच्या बहिणीनेही माहेरचेच नाव ठेवलेले. इथे प्रत्येक कार्यालयात त्याचा खुलासा करावा लागे, तिथे कोणी विचारलेसुद्धा नाही.

शाळा सरकारी. फी नाही, पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकेही शाळाच देते. वर्ग ठरतो तो मुलाच्या जन्मवर्षावरून. म्हणून भाची भाषेचा एक शब्द न येता थेट दुसरीत बसली. शाळा नऊ ते दोन. दुपारचे जेवण अडीच-तीनला, मग दुकाने बंद, आणि संध्याकाळी सारे गाव चौकात. मे अखेरीस मगरिबच साडेनऊच्या सुमारास होते, इशा अकरा वाजून गेल्यावर. दहा वाजताही तान्ही मुले बाबागाड्यांत आणि मोठी चेंडूमागे. आमच्या घरी आठला झोपणारी मुले तिथे कधी झोपवायची, हा बहिणीचा रोजचा झगडा होता.

खाण्याचे म्हणाल तर शाळेच्या भोजनगृहात डुकराचे मांस नसलेले जेवण मिळाले. एकदा लिहून दिले, पुरे झाले. खरी पंचाईत गोड खाऊची. 'मान्तेकादो' नावाची खुसखुशीत नानकटाई दिसायला अगदी आपली, पण बहुतेक वेळा ती डुकराच्या चरबीत करतात. पाकिटावर 'सेर्दो' हा शब्द शोधायला चार वर्षांचा भाचाही शिकला होता. त्याचे सगळे सोपेच होते. पहिल्याच आठवड्यात तो 'मीओ' म्हणजे 'माझे' हा शब्द शिकला आणि त्यावर त्याचे राज्य चालले.

भाची मात्र गप्प. मी कामाला लागले. पत्त्यांवर चित्रे काढली, अंक लिहिले, संध्याकाळी एक तास पाठांतर. आणि बहिणीला बजावले, "घरात मराठी बंद, उर्दू बंद. कानावर स्पॅनिशच पडू दे." बहिणीचे स्पॅनिश मोडकेतोडके, माझे तर शून्य. तरी आम्ही दोघी त्या परक्या शब्दांत मुलीला जेवायला बोलावू लागलो. आठ-दहा दिवसांनी मुलगी घरातही बोलेनाशी झाली. पूर्वी रात्री आईच्या कुशीत शिरून शाळेतले काहीबाही सांगायची, तेही थांबले. जेवण अर्धे टाकून ती कपाटामागच्या कोपऱ्यात बसून राही.

बहीण मला काही बोलली नाही. तिचे न बोलणे मला जास्त लागले.

वर्गशिक्षिकेने भेटीला बोलावले. माझ्याच वयाची बाई. मेहुणे दुभाषे झाले. मी काय काय केले ते तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मुलगी ऐकते आहे. मी हात वर करा म्हटले की ती करते, वही काढा म्हटले की काढते. शब्द आत साठताहेत. स्पॅनिश आमच्यावर सोडा. तुम्ही ज्या भाषेत तिला रागावता आणि जवळ घेता, तीच घरात बोला." नव्या भाषेत पडलेले मूल काही महिने गप्प राहू शकते, हे मी बीएडला शिकले होते, त्यावर उत्तरही लिहिले होते. पण परक्याच्या मुलाला लावायचे ज्ञान घरच्या मुलापाशी आठवत नाही.

त्या रविवारी आम्ही अल्बाइसिनच्या चढावर गेलो. जुनी मुस्लिम वस्ती ती; अरुंद गल्ल्या, पांढरी घरे, पलीकडच्या टेकडीवर अल-हम्रा. वर २००३ साली उघडलेली मशीद आहे. तिच्या बागेत जुहरनंतर बसलो असताना मेहुणे इतिहास सांगू लागले. २ जानेवारी १४९२ ला हे शहर गेले, एवढे मला माहीत होते. पुढचे नव्हते. १५६७ साली राजा दुसऱ्या फिलिपच्या नावाने फर्मान निघाले: तीन वर्षांत सगळ्यांनी कॅस्टिलियन शिकावी, त्यानंतर अरबी बोलणे-लिहिणे बंद, घरातसुद्धा. पुढच्याच वर्षी शेजारच्या अल्पुहारासच्या डोंगरात बंड पेटले.

मी मान खाली घातली. त्याच शहरात, एका छोट्या स्वयंपाकघरात, मीही तसेच एक फर्मान काढले होते. मला तीन वर्षांचाही धीर नव्हता.

त्या रात्री बहिणीने मुलीला आमच्या कोकणी बोलीत अम्मीच्या लहानपणची गोष्ट सांगितली. पत्ते मी पेटीत टाकले. स्वयंपाक करताना मात्र एक खेळ आपोआप सुरू झाला. पावाला तिथे 'पान', बटाट्याला 'पताता', चावीला 'यावे'. पाव, बटाटा, चावी हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणले, आणि पोर्तुगीज स्पॅनिशची सख्खी बहीण. जैतूनला 'अथेइतूना', साखरेला 'अथूकार', हे अरबीतून गेलेले. 'असे होवो' म्हणायला ते 'ओखाला' म्हणतात. त्यात आपल्या इन्शाअल्लाहमधलाच अल्लाह आहे. परक्या घरात ओळखीची माणसे भेटावीत तसे ते शब्द भेटत गेले. भाची ऐकत बसे. आता कोपऱ्यात नाही, ओट्याजवळ.

जूनच्या सुरुवातीला मी तिला घेऊन फळवाल्याकडे गेले. संत्री दाखवून म्हटले, "नारंजा." तो बघत राहिला. भाचीने माझा दुपट्टा ओढला. "खाला, नारंजा नाही. नारांखा. तुमच्या खालातला ख." आणि त्याच्याकडे वळून अगदी स्पष्ट स्पॅनिशमध्ये म्हणाली, "एक किलो संत्री द्या." उर्दूतला 'ख़े' घशातून काढायला मी दरवर्षी वर्गाला शिकवते. ग्रानादात तो जरा हलका, हकाराकडे झुकणारा येतो, आणि ती तसाच काढत होती.

वर्गात ती बोलली ती मी परतल्यावर, सप्टेंबरात. ते श्रेय शाळेचे, आणि तिच्या सबुरीचे. माझे नव्हे.

आता आपल्याकडून पुष्कळ कुटुंबे मुलाबाळांसह दूरच्या मुलखात जाऊ लागली आहेत. दाखले, शिक्के, भाषांतरे यांची यादी जरूर करा. पण मूल गप्प झाले तर घाबरू नका, आणि नव्या भाषेसाठी घरची भाषा काढून घेऊ नका. बाहेरची भाषा मुलांना बाहेर मिळतेच. दिवसभर परके राहून आलेल्या मुलाला दारातून आत आल्यावर कुठेतरी न अडखळता बोलता आले पाहिजे.

परवा फोनवर भाचीने विचारले, "खाला, पुन्हा कधी येणार?"

मी म्हटले, "इन्शाअल्लाह, सुट्टीत."

ती हसून म्हणाली, "ओखाला!"