सहलीच्या आधीची सहल

टूर मॅनेजर व्हायचं असेल, त्याने पहिला सराव रत्नागिरीत करावा. इथली एका दिवसाची सहलसुद्धा माणसाचा कस पाहते.

केंद्र सरकारची ग्वाल्हेरची पर्यटन संस्था १९८३ पासून या व्यवसायाचं रीतसर शिक्षण देते. ते घ्यावंच. पण गाडी लेट झाली की आधी जेवण की आधी थिबा राजवाडा, हे फलाटावर उभं राहूनच ठरवावं लागतं.

राजवाड्यात माहिती नेमकी हवी. १८८५ मध्ये ब्रिटिशांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं, १९१० मध्ये त्याच्या नजरकैदेसाठी हा वाडा बांधून झाला, १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही. एवढं मनापासून सांगितलं, की गलका करणारा ग्रुपही ऐकू लागतो.

पुढे आरे-वारेमार्गे गणपतीपुळे. देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची. शिकणाऱ्याने ती स्वतः चालून पाहावी आणि गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी वेळ वाढवून धरावा. कोणाला शुगर, कोणाचा उपास, कोणाच्या गोळ्या बसच्या डिकीतल्या बॅगेत. वही भरते ती अशाच नोंदींनी. पावसाळ्यात पाण्यात उतरू न देणं हेही त्याचंच काम, तिथे भीड नको.

कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. उक्षी, कशेळी इथे ग्रुप नेणाऱ्यांनी एवढं करावंच: चित्रांवर कोणाला पाय ठेवू देऊ नये.