बोंडू

2019 च्या ऑगस्टमध्ये तेरेखोल नदीला पूर आला आणि बांद्याची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर गाव चिखल उपसायला लागला. आमच्या दुकानाच्या माळ्यावर भिजलेल्या गोणपाटात कुत्र्याचं एक पिल्लू निपचित पडलेलं दिसलं. ते खाली काढलं मदतीला आलेल्या एका तरुणानं. तो वरच्या वाडीतल्या ख्रिस्ती घरातला. त्याला ते घरी न्यायचं होतं, पण त्याच्याकडचा म्हातारा कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला अंगणात उभं करीत नसे. “चार दिस हयसर ऱ्हवां दे, मगे मी नेतंय,” असं बहिणीला सांगून तो गेला.

पिकल्या काजूच्या बोंडासारखा तांबूस-पिवळा रंग, म्हणून बहिणीनं नाव ठेवलं बोंडू. तिनं त्याला चुलीच्या उबेला निजवलं, वाटीतून शेळीचं दूध पाजलं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस. चार दिवसांचे महिने झाले. तो तरुण रोज संध्याकाळी पिल्लाची चौकशी करायला येई आणि बहीणही त्या वेळी नेमकी ओट्यावर असे.

दिवाळीनंतर त्यांचा म्हातारा कुत्रा गेला आणि बोंडूनं ते अंगणही आपलं केलं. सकाळी आमच्याकडे पेज, दिवसभर माडाच्या सावलीत झोप, संध्याकाळी चढ चढून त्यांच्याकडे बांगड्याची डोकी. रात्री पुन्हा आमच्या पायरीवर. दोन्ही घरांत त्याच्यावर कुणी ओरडलेलं आठवत नाही.

नाताळात त्यांच्या ओट्यावर गोठा मांडला होता. आधीच पेरलेली नाचणी हिरवीगार उगवली होती. बाळ येशूला मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर ठेवतात, म्हणून गव्हाणीची जागा रिकामी होती. बोंडू तिच्या शेजारी गवतात खुशाल झोपला. त्याला शोधत गेलेली बहीण हे पाहून ओशाळली, त्याला उठवायला पुढं झाली. तरुणाची आई म्हणाली, “ऱ्हवां दे गो त्याका थंयच. गोठ्यात जनावर असतलांच.” मग तिनं बहिणीला बसवून नेवऱ्या आणि दोदोल वाढला. त्या रात्री त्या दोघांनी एकमेकांना मनातलं सांगितलं, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, पत्रादेवीला गोव्याची हद्द बंद झाली. तो कामासाठी म्हापशाला होता, तिथंच अडकला. बोंडू मात्र रोज संध्याकाळी चढ चढून जात राहिला. त्याच्या मागोमाग बहीणही त्या माउलीसाठी भाजी, औषधं घेऊन जाऊ लागली. बाबांना सगळं समजत होतं. ते बोलत नव्हते, पण त्यांनी तिला अडवलंही नाही.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. आमच्या घरात पाणी चढू लागलं, तेव्हा तो तरुण आम्हाला न्यायला आला. बोंडूला खांद्यावर घेऊन बाबा त्याच्या मागून चढ चढले. पुराचे दिवस आम्ही त्यांच्याच घरात काढले, त्यांच्याच चुलीवरचं जेवलो. परतताना बाबांनी त्याच्या आईला स्वतःहून विचारलं, “पोरांचां काय करूया?”

कुणी कुणाचा धर्म बदलायचा नाही, हे दोन्ही घरांत ठरलं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली, तीस दिवस थांबलो आणि नाताळच्या आठवड्यात लग्न झालं. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. पहिली सही बाबांनी केली. घरी जेवणावळीत बोंडू पंगतीच्या टोकाला बसून होता, आणि त्याला कुणी हाकललं नाही.

गेल्या पावसाळ्यात काजूच्या बागेत त्याला फुरसं चावलं. डॉक्टरांकडे नेईपर्यंत उशीर झाला होता. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. “आमची सोयरीक त्यानाच जुळयली,” एवढंच म्हणाले.

ते अगदी खरं आहे. लग्न ठरवणारी माणसं घराणं विचारतात, पत्रिका बघतात, लोक काय म्हणतील याचा हिशेब करतात. बोंडू दोन वर्षं रोज त्या चढावरून ये-जा करत राहिला आणि त्याच्यामुळे आमची ये-जा सुरू झाली. पुरानंतर चिखलात कुडकुडणारी अशी पिल्लं दर पावसाळ्यात कुठं ना कुठं सापडतात. त्यांना ऊब द्या, डॉक्टरांना दाखवा, लस टोचून घ्या आणि जमलं तर घरात ठेवून घ्या. आमच्या घराला त्यातल्या एकानं जावई दिला आणि वरच्या वाडीत हक्काचं घर दिलं.